शेड दर बॅचला सरकते? दुरुस्तीचा रंग टाकण्याआधी कारण पकडा

रंग, प्लास्टिक किंवा चिनी मातीची ग्लेझ (भाजल्यावर काच होणारा थर) बनवणाऱ्यांची तक्रार साधारण सारखीच असते. पहिली बॅच नमुन्याशी जुळते. पुढे कधीतरी पिवळा लालसर मारू लागतो, काळा तपकिरी दिसतो, गुलाबी ग्लेझ भट्टीतून राखाडी होऊन निघते. मग चिमूटभर दुसरा रंग टाकून शेड ओढून घेतली जाते. ती बॅच सुटते, पण पुढची पुन्हा सरकते, कारण बिघाड होता तिथेच असतो. शिवाय कृतीत एक जास्तीचे रंगद्रव्य कायमचे घुसते आणि पुढचा शोध आणखी अवघड होतो.

आयर्न ऑक्साइड, टिटॅनेट, कोबाल्ट ब्लू, क्रोम ऑक्साइड, झिरकॉन स्टेन (ग्लेझसाठी आधी भाजून तयार केलेले रंगद्रव्य) ही असेंद्रिय रंगद्रव्ये टिकाऊ म्हणून घेतली जातात, आणि उन्हापावसात ती खरोखर टिकतातही. पण हा टिकाऊपणा ज्याच्या त्याच्या स्फटिकाचा असतो. स्फटिकाची रचना शाबूत तोवर रंग शाबूत. एखादा स्फटिक उन्हाला दाद देत नाही, पण १८०° से.च्या आसपास पाणी सोडून दुसराच पदार्थ बनतो. एखादा ८००° से. सहज झेलतो, पण ग्लेझमधल्या जस्तापुढे टिकत नाही. म्हणून शेड सरकली की पहिला प्रश्न असा: स्फटिक बदलला, मोडला, कण एकमेकांना चिकटले, की तळाशी बसले? उत्तर वेगळे, तसा उपायही पूर्ण वेगळा. कण चिकटलेले असताना तापमान कमी करून काही होत नाही, आणि स्फटिक जळलेला असताना डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारे रसायन) वाढवून पैसे वाया जातात.

आधी मोजणी खरी आहे का ते पाहा

गरम नमुना मोजू नका. रुटाइल टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, बिस्मथ व्हॅनेडेट, लाल आयर्न ऑक्साइड हे सगळे गरम असताना वेगळे दिसतात आणि थंड झाल्यावर मूळ रंगावर येतात. मोल्डमधून नुकताच निघालेला पिवळा तुकडा नारिंगी वाटतो आणि मशीनवर उभा माणूस तापमान खाली आणतो. तुकडा खोलीच्या तापमानाला पूर्ण निवू द्या. जाड तुकड्याला दोन तास द्या.

एकच डेल्टा ई (दोन रंगांतला एकूण फरक) आकडा कारण सांगत नाही. एल (उजळपणा), ए (हिरवा ते लाल) आणि बी (निळा ते पिवळा) यांतला फरक वेगवेगळा लिहून ठेवा. दिशा महत्त्वाची. पिवळ्यात ए वाढून बी घसरला, म्हणजे रंग लालसर तपकिरीकडे गेला, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पांढऱ्यात मिसळलेल्या रंगाचा एल वाढला आणि रंगाची तीव्रता कमी झाली, तर रंगद्रव्य पूर्ण सुटलेले नाही किंवा डोस कमी पडला. एल आणि तीव्रता दोन्ही एकदम खाली आले, राखाडी झाक आली, तर लोखंडाची झीज किंवा जळलेले प्लास्टिक. या तीन खुणांनी निम्मे काम होते.

शेड दिवसाच्या प्रकाशात जुळते आणि पिवळ्या दिव्याखाली सुटते, तर बॅच बिघडलेली नसून कृतीतले रंगद्रव्य बदललेले असते. कोबाल्ट ब्लू दृश्य पट्ट्याच्या लाल टोकाला पुन्हा प्रकाश परत पाठवतो, थॅलो ब्लू (सेंद्रिय निळा) तसे करत नाही. एकाच्या जागी दुसरा घालून डी६५ (प्रमाणित दिवसाचा प्रकाश) खाली डेल्टा ई शून्याजवळ आणता येतो, पण टंगस्टन दिव्याखाली दोन तुकडे वेगळे दिसणारच. डी६५, ए (टंगस्टन दिव्याचा प्रकाश) आणि एक फ्लोरोसंट अशा तीन प्रकाशांखाली तपासल्याशिवाय बदली रंगद्रव्य मंजूर करू नका.

प्लास्टिक आणि पावडर कोटिंग: पिवळा लाल होतो, काळा तपकिरी होतो

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार पिवळा आयर्न ऑक्साइड, म्हणजे पिगमेंट यलो ४२. रासायनिकदृष्ट्या तो लोहाचा हायड्रॉक्सी-ऑक्साइड आहे. साधारण १८०° से.पासून तो पाणी सोडू लागतो आणि लाल आयर्न ऑक्साइड बनतो. पूर्ण रूपांतर झाले तर वजनाच्या सुमारे १० टक्के पाणी बाहेर पडते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनमध्ये २३०° से.ला लालसर झाक येते तेव्हा बरेचदा तुकड्यावर चंदेरी रेषा किंवा बारीक बुडबुडेही दिसतात. दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असतात. ग्रॅन्युल कितीही वाळवले तरी त्या जात नाहीत, कारण पाणी स्फटिकातून येत असते.

फक्त तापमानावर विसंबू नका, माल बॅरलमध्ये (मोल्डिंग मशीनच्या तापलेल्या नळीत) किती वेळ राहतो तेही काढा. बॅरलमध्ये ४०० ग्रॅम माल मावतो, एका शॉटचे (एका वेळी साच्यात जाणाऱ्या मालाचे) वजन ६० ग्रॅम, सायकल ४५ सेकंदांची. ४०० भागिले ६०, गुणिले ४५, म्हणजे ३०० सेकंद. दर ग्रॅम माल सरासरी पाच मिनिटे उष्णतेत असतो. तोच साचा दुप्पट मोठ्या मशीनवर चढवला की वेळ दुप्पट होतो आणि तापमान तेच ठेवूनही शेड सरकते. ‘एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर चूक’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले दहा-बारा तुकडे लालसर आणि पुढचे ठीक असतील, तर शंकेला जागाच उरत नाही.

खात्रीसाठी ओव्हन चाचणी करा. चिनी मातीच्या तीन लहान मुशींत प्रत्येकी २ ग्रॅम कोरडी पूड घ्या. एक न तापवता ठेवा, बाकीच्या ३० मिनिटे अनुक्रमे २००° आणि २४०° से.ला ठेवा. निवल्यावर तिन्ही पुडी पांढऱ्या कागदावर शेजारी पसरून काचेच्या पट्टीने दाबा. पिवळा ऑक्साइड असेल तर तापवलेल्या पुडीचा रंग उघड विटकरीकडे गेलेला दिसेल. निकेल टिटॅनेट, क्रोम टिटॅनेट, कोबाल्ट ब्लू, क्रोम ऑक्साइड ग्रीन यांत काही फरक दिसता कामा नये. दिसला तर त्या पुडीत भेसळ आहे.

काळ्या आयर्न ऑक्साइडची गत वेगळ्या वाटेने तीच होते. हवेत साधारण १५० ते १८०° से.च्या पुढे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो तपकिरी पडतो. बंद बॅरलमध्ये हवा कमी म्हणून तिथे तो थोडा तग धरतो; पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये, २००° से.ला, पातळ थरात मात्र लगेच उघडा पडतो. आणि इथे पुष्कळ जण फसतात ते तपकिरी आयर्न ऑक्साइडवर. बाजारात मिळणारा तपकिरी हा पुष्कळदा लाल, पिवळा आणि काळा यांचे मिश्रण असतो. पोत्यावर एकच नाव असले तरी आतले दोन घटक उष्णतेत बदलणारे असतात. तपकिरी शेड लाल होत असेल तर तो मिश्रण आहे का, हे पुरवठादाराला स्पष्ट विचारा.

बदली निवडताना माध्यम पाहून निवडा. झिंक फेराइट पिवळा २५०° से.पर्यंतच्या पॉलिओलेफिनला (पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन) चालतो. पण तोच पीव्हीसीत घालू नका: लोह आणि जस्त दोन्ही पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटायला मदत करतात, माल आधी गुलाबी, मग तपकिरी होतो आणि दोष रंगद्रव्याच्या उष्णतारोधावर येतो. कडक पीव्हीसीसाठी निकेल टिटॅनेट, म्हणजे पिगमेंट यलो ५३, बरा. बिस्मथ व्हॅनेडेट उजळ असतो, पण साधी ग्रेड गरम पॉलिमरशी अभिक्रिया करून काळपट पडते. प्लास्टिकसाठी आवरण दिलेलीच ग्रेड घ्या आणि ती उगाच जास्त घोटू नका. काळ्यासाठी मँगनीज फेराइट किंवा कॉपर क्रोमाइट.

अल्ट्रामरीन निळा उष्णतेला चांगला, सुमारे ३५०° से.पर्यंत काही होत नाही, पण आम्लापुढे पार हरतो. निळा फिका पडत पडत पांढरट होत असेल, आणि मशीनजवळ कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर कारण उष्णता नव्हे, आम्ल. ते आम्लधर्मी फिलरमधून येते, आम्लाने पिकणाऱ्या रेझिनमधून येते, नाहीतर बिघडणाऱ्या पीव्हीसीमधून. पडताळण्यासाठी चिमूटभर पुडीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका: अल्ट्रामरीन रंग सोडतो, कोबाल्ट ब्लू ढिम्म राहतो. सुटणारा वायू विषारी आहे. चिमटीपेक्षा जास्त पूड घेऊ नका आणि ही चाचणी उघड्यावर किंवा फ्यूम हूडमध्येच करा.

राखाडी झाक: रंगद्रव्य मशीन खाते

उजळ पिवळा किंवा पांढरा मळकट दिसू लागला आणि उष्णतेची खूण सापडत नसेल, तर झीज तपासा. रुटाइल आणि टिटॅनेटची मोह कठीणता ६ ते ६.५, स्पिनेल वर्गातल्या कोबाल्ट ब्लूची ७ ते ८, क्रोम ऑक्साइडची त्याहूनही थोडी वर. हाय स्पीड मिक्सरची पाती, भांडे, स्क्रू हे सगळे त्यांच्यापुढे मऊ ठरतात. झिजलेले पोलाद सूक्ष्म काळ्या पुडीसारखे मालात पसरते. तेही इतके थोडे की चाळणीवर सापडत नाही, पण एल एक-दीड अंकाने खाली आणायला पुरते.

एकच कृती २, ४, ८ आणि १२ मिनिटे मिसळून चार नमुना-प्लेट बनवा. वेळेबरोबर एल आणि तीव्रता सरळ खाली येत गेली, तर झीज. आधी थोडी वाढून मग स्थिर झाली, तर रंगद्रव्य सुटत होते आणि काही बिघडलेले नाही. उपाय सोपे आहेत: टिटॅनेट मिक्सरमध्ये सगळ्यात शेवटी टाका, त्याआधी थोडे वॅक्स किंवा तेल घालून रेझिन ओले करा, मिसळण्याची वेळ निम्म्यावर आणा, शक्य असेल तर कोरडी पूड टाळून मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये आधीच मुरवलेला दाट रंग) वापरा. काचतंतूच्या मालात तंतू आणि टिटॅनेट दोन्ही हॉपरमधून एकत्र टाकू नका. तंतू पुढे साइड फीडरमधून द्या. रंगाच्या कारखान्यात हाच दोष पोलादी गोळ्यांच्या बॉल मिलमुळे येतो. उजळ शेडसाठी झिरकोनियाचे मणी ठेवा.

ठिपके असतील तर अंदाज बांधत बसू नका. ठिपका ब्लेडने कापून काढा, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबा आणि ५० पट भिंगाखाली पाहा. दाबताच तो पसरून रंगाची शेपटी निघाली, तर ती न सुटलेली गुठळी. दाबला जात नाही आणि कडा धारदार, तर भरड कण किंवा बाहेरचा कचरा. काळा असून चुंबकाकडे सरकतो, तर पोलाद. मात्र काळा आयर्न ऑक्साइडही चुंबकाला ओढला जातो, म्हणून कृतीत तो असेल तर ही खूण धरू नका.

रंगात: घासला की शेड बदलते

भिंतीवर ब्रशने मारलेला भाग एक शेड आणि स्प्रेने मारलेला दुसरी, ही रंगातली सर्वांत जुनी तक्रार. कण एकमेकांना चिकटून सैल झुबके बनवतात. ब्रशच्या जोराने ते सुटतात, स्प्रेत सुटत नाहीत. पाहायला फक्त बोट लागते. कार्डावर रंगाचा थर ओढा, तो जरा चिकट होईपर्यंत थांबा, मग एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर बोट गोल गोल फिरवा. घासलेला गोल आजूबाजूपेक्षा गडद झाला, तर रंगीत कण झुबक्यात होते आणि आता सुटले. फिका झाला, तर टिटॅनियम डायऑक्साइडचे झुबके होते. काहीच फरक नाही, तर कारण दुसरीकडे शोधा. फरक दिसत असताना टिंटर (छटा देणारा दाट रंग) वाढवणे व्यर्थ, कारण वाढवलेला टिंटरही त्याच झुबक्यांत जाऊन बसतो.

इलाज मिल बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य घोटलेल्या दाट लगद्यात, असतो. डिस्पर्संट अंदाजाने न टाकता शिडी लावा: तोच मिल बेस पाच भांड्यांत घ्या आणि रंगद्रव्याच्या वजनावर सक्रिय डिस्पर्संट ०.५, १.०, १.५, २.० आणि २.५ टक्के घाला. प्रत्येकाची व्हिस्कॉसिटी मोजा. ती आधी उतरते, एका ठिकाणी सर्वांत कमी होते, मग पुन्हा चढते किंवा सपाट राहते. सर्वांत कमी बिंदूच्या किंचित पुढचा डोस ठेवा. हिशोब करताना सक्रिय भागाचा विसर पडू देऊ नका: १०० किलो रंगद्रव्याला १ टक्का सक्रिय हवे आणि बाटलीतले डिस्पर्संट ४० टक्के असेल, तर १ किलो नव्हे, २.५ किलो लागते. नव्या पुरवठादाराचे डिस्पर्संट ‘तेवढेच’ टाकल्यावर रंग बिघडतो तो बहुधा इथेच.

मिल बेस चांगला निघूनही लेटडाउनमध्ये (तो पुढे सैल करून रंग बनवताना) झुबके होऊ शकतात. दाट बेसमध्ये नुसते पाणी किंवा सॉल्व्हंट एकदम ओतले की कणांवरचे आवरण धुऊन निघते. आधी बाइंडरचा (रंग धरून ठेवणाऱ्या रेझिनचा) थोडा भाग ढवळत ढवळत हळू घाला, बेस सैल झाला की उरलेला, आणि पातळ करणारे द्रव सर्वांत शेवटी. पाण्याच्या रंगात पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा. साठवणीत अमोनिया उडून तो उतरला की आज चांगला असलेला रंग महिन्याभराने झुबके धरतो.

डिस्पर्सरचा वेग फेऱ्यांत नव्हे, पात्याच्या टोकाच्या वेगात मोजा. सेकंदाला १८ ते २५ मीटर हवा. ०.३ मीटर व्यासाचे पाते १३०० फेऱ्यांना सुमारे २० मीटर देते, तर ०.२ मीटरचे पाते त्याच फेऱ्यांना जेमतेम १४. प्रयोगशाळेत जुळलेली शेड मोठ्या भांड्यात न जुळण्यामागे हा फरक असू शकतो. बारीकपणा हेगमन गेजवर (भरड कण दाखवणाऱ्या खाचेच्या पट्टीवर) पाहा: चकचकीत टॉपकोटला ७ च्या पुढे, म्हणजे १२.५ मायक्रॉनच्या आत.

लाल ऑक्साइडबाबत एक खास गोष्ट. त्याचा कण ०.१ मायक्रॉनच्या आसपास असेल तर शेड पिवळट लाल, ०.५ ते ०.७ मायक्रॉनला गेला की निळसर, जांभळट लाल. रसायन तेच, रंग वेगळा. म्हणून कमी घोटलेला लाल नुसता फिका पडत नाही, त्याची झाकही बदलते, आणि पिवळा टाकून ती सुधारण्याचा मोह होतो. घोटणी पूर्ण करा, झाक आपोआप जागेवर येते. पिवळ्या ऑक्साइडचे कण मात्र सुईसारखे असतात. मणी मिलमध्ये तासन् तास ठेवले तर सुया मोडून शेड सरकते. अभ्रकावरचे मोत्यासारखे रंग तर घोटूच नयेत, हळू ढवळून मिसळावेत.

तळाशी बसणे ओळखायला सोपे. लाल ऑक्साइडची घनता सुमारे ५, रुटाइलची ४.२, अल्ट्रामरीनची २.३५. एकाच ड्रममध्ये हे तिघे असतील तर ते वेगवेगळ्या वेगाने खाली जातात. कणाचा व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो, म्हणून झुबके आणखी लवकर बसतात. वरून घेतलेला नमुना निळा, तळाचा लाल, असे दिसले तर ड्रम रोलरवर दहा मिनिटे फिरवा, तळ पट्टीने खरवडून पाहा, मगच डोस काढा.

ग्लेझ: स्टेन बरोबर, काच चुकीची

चिनी मातीत रंगद्रव्य वितळलेल्या काचेत बसलेले असते, आणि काच हे फार आक्रमक द्रव आहे. त्यामुळे इथल्या बहुतेक तक्रारी स्टेन आणि ग्लेझच्या रसायनाच्या भांडणातून येतात. स्टेनचा डबा बदलून काही फरक पडत नाही.

क्रोम-टिन गुलाबी हे त्याचे ठळक उदाहरण. या स्टेनमध्ये क्रोमियम अगदी थोडे असते आणि ते कॅल्शियम-कथिलाच्या स्फटिकात धरून ठेवलेले असते. ग्लेझमध्ये कॅल्शियम भरपूर असेल तर स्फटिक टिकतो; १२ ते १५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असलेल्या ग्लेझमध्ये गुलाबी सुरेख उतरतो. जस्त आले की स्फटिक फुटतो आणि गुलाबी आधी फिका, मग राखाडी-तपकिरी होतो. मॅग्नेशियम आणि जास्त बोरॉनही त्याला मानवत नाहीत. गुलाबी गेला की लोक स्टेन ६ टक्क्यांवरून १० वर नेतात. राखाडीच गडद होतो. फ्रिटचे (ग्लेझसाठी आधी वितळवून दळलेल्या काचेचे) विश्लेषणपत्र काढून झिंक ऑक्साइड शून्य आहे का ते पाहा. फ्रिटचा पुरवठादार बदलल्यावर सुरू झालेल्या तक्रारीत हे आधी तपासावे.

क्रोम हिरव्यालाही जस्त चालत नाही. क्रोमियम आणि जस्त मिळून तपकिरी झिंक क्रोमाइट बनतो, आणि हिरवा मातकट होतो. स्वस्त काळे स्टेन जस्ताच्या ग्लेझमध्ये तपकिरी पडतात त्याचेही कारण तेच. कोबाल्ट असलेला काळा तिथे टिकतो.

पांढऱ्या फरशीवर गुलाबी सावली येते आणि तिच्या कृतीत गुलाबी काहीच नसते, तर त्याच भट्टीत शेजारी क्रोम हिरवा भाजला गेला का ते विचारा. क्रोमियम वाफेने उडतो आणि कथिलाने पांढऱ्या केलेल्या ग्लेझवर बसून क्रोम-टिन गुलाबी तयार करतो. हिरव्या आणि कथिल-पांढऱ्या मालाची भाजणी वेगळी करा, किंवा पांढरेपणासाठी कथिल सोडून झिरकॉन वापरा. पूर्वी क्रोम भाजलेले शेल्फही पुढच्या भाजणीत सावली सोडू शकतात, म्हणून पांढऱ्या मालासाठी शेल्फ राखून ठेवा.

झिरकॉनचे तिघे, व्हॅनेडियम निळा, प्रॅसिओडिमियम पिवळा आणि लोहाचा कोरल, जस्ताला घाबरत नाहीत. त्यांचा शत्रू घोटणी. कण बारीक होईल तसा रंग फिका होत जातो आणि काचेत विरघळण्याचा वेगही वाढतो. ग्लेझ बॉल मिलमध्ये आधी पूर्ण घोटा, स्टेन शेवटच्या १५ ते ३० मिनिटांत टाका, मग १०० ते १२० मेशच्या चाळणीतून काढा. मिल रात्रभर चालू राहिली म्हणून पिवळा फिका आला, असे घडू देऊ नका. ग्लेझमध्ये थोडा झिरकॉन आधीच असेल तर स्टेन कमी विरघळतो. झिरकॉनच्या कवचात बंद केलेला कॅडमियम लाल तर अजिबात घोटू नये, नुसता ढवळावा: कवच फुटले की आतला रंग जळतो, पिनहोल पडतात, आणि कॅडमियम काचेत उतरतो. खाण्याच्या भांड्यांवर असा माल पाझर चाचणीशिवाय देऊ नका.

कच्च्या ऑक्साइडने रंग देताना बुडबुडे येतात. मँगनीज डायऑक्साइड साधारण ५५०° से.ला एकदा आणि १०००° से.च्या आसपास पुन्हा ऑक्सिजन सोडतो. कोबाल्ट ऑक्साइडही ९०० ते ९५०° से.ला. तोवर ग्लेझचा पृष्ठभाग बंद झालेला असेल तर वायू आत अडकतो. आधी भाजून तयार केलेला स्टेन घ्या, किंवा त्या टप्प्यावर भट्टी थोडी थांबवा.

रसायन ठीक असूनही शेड हलत असेल तर स्लरीची (पाण्यात कालवलेल्या ग्लेझची) घनता पाहा. स्टेन लिटरमागे मोजून टाकण्याची सवय फार महागात पडते. एक लिटर स्लरीतला कोरडा माल असा काढा: लिटरचे वजन ग्रॅममध्ये घ्या, १००० वजा करा आणि मालाच्या घनतेला, घनता वजा एक याने भागून आलेल्या आकड्याने गुणा. ग्लेझची घनता २.६ धरली तर हा गुणक १.६२५. लिटर १५०० ग्रॅम भरले तर कोरडा माल ८१२ ग्रॅम. ५ टक्क्यांसाठी स्टेन सुमारे ४०.६ ग्रॅम. लिटर १४५० भरले तर माल ७३१ ग्रॅम आणि स्टेन ३६.६ ग्रॅम. तिथेही ४०.६ टाकले तर प्रमाण ५.५ टक्क्यांवर जाते. फिक्या शेडमध्ये हा अर्धा टक्का लगेच डोळ्यांत भरतो.

दोष ग्लेझचा की स्टेनचा हे ठरवायला चार फरशा एकाच शेल्फवर शेजारी शेजारी भाजा: स्टेन नसलेली ग्लेझ, तीच ग्लेझ ५ टक्के स्टेन हाताने ढवळून, तीच स्टेनसह दोन तास घोटून, आणि तोच स्टेन जस्त नसलेल्या, चुन्याने भरलेल्या साध्या पारदर्शक ग्लेझमध्ये. चौथी चांगली आणि दुसरी वाईट, तर ग्लेझचे रसायन. दुसरी चांगली आणि तिसरी फिकी, तर घोटणी. चौथीही वाईट, तर स्टेन किंवा भट्टी.

लॉट बदलला की

रंगक्षमतेत ९५ ते १०५ टक्क्यांची सूट पुरवठ्यात सर्रास दिली जाते. म्हणजे दोन्ही लॉट नियमात असूनही त्यांच्यात दहा टक्क्यांचा फरक असू शकतो. दर लॉटमागे शंभर ग्रॅम पूड बंद बाटलीत ठेवा आणि नवा लॉट त्याच्याशी ताडा, कागदावरच्या आकड्यांशी नव्हे. १ भाग रंगद्रव्य आणि ५ भाग टिटॅनियम डायऑक्साइड एकाच बाइंडरमध्ये एकाच वेळेत घोटून दोन थर शेजारी ओढा.

सोबत धुण्याची चाचणी घ्या. १० ग्रॅम पूड १०० मिली गरम शुद्ध पाण्यात पाच मिनिटे हलवा आणि गाळा. क्रोमियमच्या स्टेनचे पाणी पिवळे निघाले तर त्यात न धुतलेला क्रोमेट आहे. तो ग्लेझमध्ये पिवळा ओघळ देतो, रंगात डिस्पर्संटला बेकार करतो आणि कामगाराच्या त्वचेला व फुप्फुसाला घातक आहे. तो लॉट हातमोजे घालून बंद करा आणि परत पाठवा. पाणी स्वच्छ दिसले तरी त्याची विद्युतवाहकता जुन्या लॉटच्या पाण्याशी ताडून पाहा. ती बरीच वर गेली असेल तर मीठ जास्त आहे, आणि पाण्याच्या रंगात डिस्पर्संटची शिडी पुन्हा लावावी लागेल.

रंगद्रव्यच बदलायचे ठरले तर वजनाला वजन लावू नका. निकेल टिटॅनेटची रंगक्षमता पिवळ्या ऑक्साइडपेक्षा बरीच कमी असते; तीच खोली आणायला दुप्पट-तिप्पट माल लागू शकतो. पण तो मुळात रुटाइल असल्यामुळे झाकण्याचे कामही करतो, म्हणून कृतीतला टिटॅनियम डायऑक्साइड त्याच वेळी कमी करा, नाहीतर शेड खडूसारखी पांढरट येते. आधी टिटॅनेट दुप्पट आणि पांढरा निम्मा अशी पहिली प्लेट काढा, बी पाहून टिटॅनेट ०.२ टक्क्यांच्या टप्प्याने वाढवा, आणि बी जुळेपर्यंत पांढऱ्याला हात लावू नका.